आम्ही चूल पेटवतो

संध्याकाळी सहा वाजता आमच्या खोलीत 'आज काय करायचं?' हा प्रश्न मांडला जातो आणि साडेसातपर्यंत त्यावर साधकबाधक चर्चा होते. खोलीत तांदूळ, तूरडाळ, कांदे, बटाटे आणि नागलीचं पीठ यांपलीकडे काही नसतं. त्यातून खिचडीच होणार, हे दोघांनाही सहा वाजून एक मिनिटानं कळलेलं असतं. पण खिचडी एकदम कबूल करायची म्हणजे माघार घेतल्यासारखं होतं. म्हणून आधी मसालेभात सुचवला जातो, तो गोड्या मसाल्याअभावी फेटाळला जातो. मग बटाट्याचा रस्सा येतो, तो ओल्या नारळाअभावी बारगळतो. एकदा तर पुरणपोळीचा ठराव आला होता आणि कटाची आमटी आंबट असावी की गोडसर, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. साडेसातला लाइट जाते. मग अंधारात खिचडी होते.

हे सगळं घडतं साखरशेतला. तालुका जव्हार. जव्हारला 'ठाण्याचं महाबळेश्वर' म्हणायची जुनी पद्धत आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, पण महाबळेश्वर अजून ठाण्याच्याच नावावर आहे. सात-बाऱ्यावरची नावं आपल्याकडे लवकर बदलत नाहीत. मी इथे नोकरीच्या निमित्तानं येऊन पडलो. खोलीतला माझा जोडीदार शाळेत विज्ञान शिकवतो. गाव त्याला गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो, फक्त माझ्या म्हणण्यात आदर कमी असतो.

आमची पाकशास्त्रातली पात्रता इथेच सांगून टाकतो. मी डोंबिवलीचा. आमच्या गल्लीत दर चार दुकानांमागे एक पोळी-भाजी केंद्र आहे, त्यामुळे भाजीच्या पिशवीचा रबर न तुटता काढता आला की माणूस स्वयंपाकात तयार झाला, असं आम्ही मानतो. गुरुजी सोलापूरचे. सोलापूरच्या माणसाला भाकरीबद्दल काही विचारावं लागत नाही, तो होऊनच सांगतो.

"मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे," पहिल्याच रात्री त्यानं मला ऐकवलं. "२०१६ साली मिळालं."

"घोलवडच्या चिकूलाही त्याच वर्षी मिळालं," मी म्हणालो. पालघर जिल्ह्यात राहायला येऊन मला जेमतेम एक दिवस झाला होता, पण अभिमानाला रहिवासी दाखला लागत नाही.

"चिकूची भाकरी होते का?"

"ज्वारीचा मिल्कशेक होतो का?"

इथून आमची मैत्री घट्ट झाली.

गुरुजींचा स्वयंपाकातला सहभाग मुख्यतः मार्गदर्शनाचा. तो खाटेवर मांडी घालून बसतो आणि मी ओट्याशी उभा असतो. "मोहरी तडतडू दे," तो म्हणतो. "तडतडतेय," मी म्हणतो. "नीट तडतडू दे." आता मोहरीनं याहून नीट काय करावं, हे मला आजवर समजलेलं नाही. अर्धी मोहरी तोवर कढईबाहेर पडलेली असते, त्यातली काही माझ्या मनगटावर. पण तडतडण्यातही सुधारणेला वाव असतोच, ही शिक्षण खात्यातली श्रद्धा आहे. पदार्थ बिघडला तर "मी सांगत होतो" आणि जमला तर "मी सांगितलं म्हणून", अशी त्याची दोन्ही टोकं बांधलेली असतात.

त्याच्या ट्रंकेत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. १९७० साली निघालेल्या या पुस्तकानं महाराष्ट्रातल्या किती नव्या संसारांची अब्रू वाचवली असेल कोण जाणे. परगावी निघालेल्या मुलाला आईनं ते दिलं ते त्याचं पोट सांभाळावं म्हणून. गुरुजींनी त्याचा धर्मग्रंथ केला, म्हणजे वाचायचा रोज, वागायचं मनाला येईल तसं. तो मोठ्यानं वाचतो, मी करतो. लाइट गेली की वाचन थांबतं आणि पदार्थ अर्ध्यावर लटकतो. एकदा "त्यात" या शब्दावर वीज गेली. कशात, हे कळायला पाऊण तास लागला आणि तोपर्यंत वांगी त्यांच्या मनानं शिजून गेली होती. 'रुचिरा'च्याही आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' लिहिलं आणि त्यात हजार पाकक्रिया देण्याचं पत्करलं. हजार! आमचं एकाच खिचडीवर दीड तास भांडण चालतं. हजार पाकक्रियांना आम्ही पेन्शनीतही पुरे पडलो नसतो.

आमच्या शेजारी आजी राहतात. त्यांच्या घरात लहान-मोठी मिळून खाणारी तोंडं भरपूर. पहाटे उठून त्या नागलीच्या भाकऱ्यांची चळत रचतात, वर उडदाचं कालवण आणि कधी खुरासणीची चटणी, आणि सगळं उरकून शेतावर जातात. जाताना आमच्या दारात क्षणभर थांबतात. आत एकजण कांदा धरून उभा असतो आणि दुसरा तो उभा चिरावा की आडवा, याचं विवेचन करत असतो. आजी काही बोलत नाहीत. बोलल्या तर थेट 'तू'वर येतात, कारण इथल्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात गुरुजीही आले.

जव्हार-मोखाड्यात राहून नागली, म्हणजे नाचणी, टाळता येत नाही. डोंगरउतारावर पावसाळ्यात ती लावतात, दिवाळीच्या सुमारास कापतात. आजींनी एकदा आम्हाला पीठ दिलं. गुरुजींनी ते पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. इतके महिने मार्गदर्शन करणारा माणूस स्वतः मैदानात उतरत होता. मी खाटेवर बसलो. तिथून स्वयंपाक फार सोपा दिसतो.

"भाकरी म्हणजे हाताचा खेळ," असं म्हणून त्यानं परातीत पीठ घेतलं, माठातलं गार पाणी ओतलं आणि मळायला लागला. पिठाचा गोळा होईना. त्यानं पाणी घातलं. पीठ पातळ झालं. त्यानं पीठ घातलं. गोळा फुटला. असं करता करता आजींनी दिलेलं आठवडाभराचं पीठ परातीत आलं आणि गुरुजी कोपरापर्यंत तपकिरी झाले. आवाज ऐकून आजी आल्या.

"गुरुजी, तू पीठ मळतोस का कोणाला मारतोस?"

"आजी, हे चिकटत नाही एकमेकाला."

"पाणी उकळलंस?"

"आमच्याकडे ज्वारीला..."

आजींनी पुढचं ऐकलं नाही. आधण ठेवून, उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, मग गरम गरम मळायचं, नाहीतर नागलीला चिकटपणा येत नाही, हे त्यांनी आम्हाला शब्दानं सांगितलंच नाही, करून दाखवलं. भाजताना पाण्याचा हात लावलेली बाजू वर, ती सुकायच्या आत उलटायची, मग निखाऱ्याशी उभी करायची, की भाकरी टम्म. मी गुरुजींकडे पाहिलं. सोलापुरात त्याची आईही ज्वारीला गरमच पाणी घेत असणार. पण त्यानं भाकरी आजवर ताटाच्या बाजूनंच पाहिली होती.

पुढे त्यानं जिद्दीनं आधणाच्या भाकऱ्या केल्या. मे महिन्यातल्या शेताला पडतात तशा भेगा त्यांना पडायच्या आणि तव्यावरून उचलताना तालुके वेगळे व्हायचे. "चव तीच आहे," तो म्हणायचा. चव तीच होती, फक्त ती चमच्यानं खावी लागायची.

शेवळांची गोष्ट मात्र मी सांगणार नव्हतो. गुरुजींनी ती शाळेत स्वतःच्या बाजूनं सांगितली असल्यामुळे आता माझाही निरुपाय आहे. पहिला पाऊस पडला की जंगलात जमिनीतून शेवळं वर येतात. जांभळट तपकिरी आवरण, आत दांडा, दिसायला देखणी. गावातल्या बाया जुड्या बांधून जव्हारला विकायला नेतात. ठाण्या-दादरच्या बाजारात हीच जुडी अशा भावानं जाते की गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, मग खाली बसतं. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत तर शेवळं हा मोसमाचा मान. कोलंबी घालून, खिमा घालून, काय काय करतात. आमच्या दारात ती फुकट आली. आजींनी जुडी दिली आणि सोबत मूठभर काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची लहान, हिरवी, तुरट-आंबट फळं.

"ह्या घालायच्या," त्या म्हणाल्या. "आणि आतला पिवळा काढून टाकायचा."

आजी गेल्यावर आम्ही जुडी सोडली. आतला पिवळा भाग सगळ्यात सुंदर होता.

"हा टाकायचा?" गुरुजी हळहळले. "अरे, कॅरोटिन असणार यात."

"आणि काकडं?"

"ती चवीला. आपल्याकडे लिंबू आहे ना."

लिंबू होतं असं आम्हाला वाटलं होतं. ते शोधेपर्यंत भाजी झाली. पहिल्या दोन घासांना आम्ही एकमेकांची तारीफ केली. तिसऱ्या घासाला गुरुजींनी पाणी मागितलं. चौथ्याला मी त्याच्या हातातलं हिसकावून घेतलं. त्यानंतर अर्धा तास दोन सुशिक्षित पुरुष खोलीत घसा खाजवायचा मार्ग शोधत फिरत होते. घसा हा अवयव बाहेरून खाजवता येत नाही, हे त्या दिवशी प्रयोगानं सिद्ध झालं. गुरुजी तशातही विज्ञानशिक्षक. "कॅल्शियम ऑक्झलेट," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सुयांसारखे स्फटिक असतात. टोचतात." "मग आधी का नाही बोललास?" "आधी टोचले नव्हते." काकडाच्या आंबटपणानं ती खाज मारली जाते आणि पिवळ्या भागातच ती जास्त असते, हा गावातल्या सहा वर्षांच्या पोराला पाठ असलेला धडा आमच्या पदव्यांत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा आवाज बसला. वर्गात ते खुणांनी शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं एकदा बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, शेवळं खाल्ली?" मग सगळा वर्ग उपाय सांगू लागला. कोणी चिंच, कोणी आमसूल, कोणी ताक. फळ्यावर उपायांची यादी झाली आणि तो तास वनस्पतिशास्त्राचा म्हणून दप्तरी लागला. गुरुजींच्या मते भाजी मी परतायला कमी पडलो.

करमणुकीच्या बाबतीतही आमचं असंच. मोबाइलची रेंज गावच्या एका विशिष्ट दगडावर येते आणि त्या दगडावर नेहमी कोणीतरी आधीच उभं असतं. मग आम्ही जव्हारला सनसेट पॉइंटला जातो, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. सूर्यास्त बघायला माणसं किती लांबून येतात! आम्ही मात्र तो कधीच पुरता पाहिलेला नाही, कारण नेमका त्याच वेळी 'आज काय करायचं?' सुरू होतं. सूर्य बुडतो आणि आम्ही वांग्यावर अडलेले असतो.

मध्ये गुरुजींनी तारपा मिळवला. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानाचा भोंगा. तारपकरी तो न थांबता वाजवतात. श्वास नाकानं घेत राहायचा आणि तोंडानं फुंकत राहायचं. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत, अशी रीत. गुरुजींनी फुंकला तेव्हा पहिल्यांदा काहीच झालं नाही, दुसऱ्यांदा गुरुजी लाल झाले आणि तिसऱ्यांदा असा आवाज निघाला की आजींच्या कोंबड्यांनी रीत न पाळता सरळ पाठ दाखवून कुंपण ओलांडलं. पण त्या सरावाचा फायदा चुलीला झाला. गॅसची टाकी संपली की फुंकणी आता त्याच्याकडे असते.

बोहाडाही पाहिला. उन्हाळ्यात या भागात गावोगावी होतो. रात्रभर देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं येतात, टेंभ्याच्या उजेडात, संबळाच्या तालावर. गुरुजी भारावले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबा, मला पुढल्या वर्षी एखादं सोंग मिळेल का?" म्हातारा म्हणाला, "सोंग घराण्यात असतं, गुरुजी. बापाकडून पोराकडं. तुझ्या घराण्यात कुठलं?" गुरुजी विचारात पडले. मी सांगणार होतो, पण देवी यायची वेळ झाली होती.

आता मुख्य प्रसंग. ऐन पावसात डोंबिवलीहून माझे मित्र आले. दाभोसा धबधबा बघायचा आणि "काहीतरी अस्सल, चुलीवरचं" खायचं, असा त्यांचा दुहेरी कार्यक्रम होता. आम्ही त्यांच्यासाठी खास गॅसवर वरण-भात करायचं ठरवलं होतं, टाकीही भरलेली होती. त्यांची तोंडं उतरली. मग अतिथीधर्म म्हणून आम्ही गॅस बंद केला आणि भर पावसात ओली लाकडं घेऊन चूल पेटवायला बसलो. गुरुजींनी तारप्याचं सगळं ज्ञान फुंकणीत ओतलं. खोलीत धूर झाला. पाहुणे खोकत होते आणि आनंदानं धुराचे फोटो काढत होते.

त्यातला एकजण २०२३ पासून बदललेला होता. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि हा गृहस्थ त्यातून अजून बाहेर आलेला नाही. धूर बघून आजी डोकावल्या, तर यानं त्यांनाच धरलं.

"आजी, तुम्हाला माहितीये का, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं? तांदळात एवढं काहीच नसतं. तुम्ही नागली खायला हवी."

आजींनी शांतपणे ऐकलं. सकाळी त्या नागलीच्या शेतात चिखलात उभ्या होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "पाव आणलास का?"

त्यानं पाव आणला नव्हता, नागलीची बिस्किटं आणली होती. आजींच्या नातवानं एक खाल्लं, पुड्यावरचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "कसली?" "नागलीची," पाहुणा कौतुकानं म्हणाला. पोरानं उरलेला पुडा त्याच्या हातात दिला आणि क्रीमची आहेत का विचारलं.

चूल काही आमच्या हातून पेटली नाही. शेवटी आजींनी आपल्या घरातून भाकऱ्या आणल्या, वर अळंबीचं कालवण, आणि पाहुणे तृप्त झाले. आम्ही देऊ केलेलं वरण त्यांनी फार सुंदर शब्दांत नाकारलं. जाण्याआधी फोटो काढायचा ठरला. गुरुजी चुलीपुढे बसले, चेहऱ्यावर राख, हातात आजींनी केलेली टम्म फुगलेली भाकरी. मीच फोटो काढला आणि त्या फोटोत आजी येणार नाहीत अशी काळजी गुरुजींनीच घेतली. संध्याकाळी तो रेंजच्या दगडावर बराच वेळ उभा होता.

फोटो सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर गेला. खाली ओळ होती: 'आजची भाकरी.' यात खोटं काहीच नाही, भाकरी आजचीच होती, असं त्याचं म्हणणं. रात्री आईचा फोन आला. त्यांना भरून आलं होतं. लेकानं आजवर चहा केला नव्हता आणि हा थेट नाचणीची भाकरी करून बसला. आत्यांनी फोटो पुढे पाठवला. आत्यांच्या यजमानांनी तो त्यांच्या कार्यालयात दाखवला. एका चुलत भावाच्या बायकोनं नवऱ्याला तो दाखवून दोन दिवस अबोला धरला. "दिवाळीला आलास की सगळ्यांना करून घालायची," आई म्हणाल्या. गुरुजी "हो, हो" म्हणत राहिले, कारण रेंज होती.

तेव्हापासून खोलीतली चर्चा बंद आहे. सहा वाजले की गुरुजी मुकाट्यानं आधण ठेवतात. आम्ही रोज तुकडे खातो, कधी दुधातून, कधी कालवणातून, परवा फोडणीला टाकूनही. आजी येऊन बसतात, हसतात आणि पीठ संपलं की आणून देतात. दिवाळीची सुट्टी काही कारणानं रद्द व्हावी म्हणून देवाला साकडं घालणारा एवढा एकच शिक्षक महाराष्ट्रात असावा.

"आईला सांग ना, सोलापुरात नाचणी मिळत नाही," मी परवा त्याला सुचवलं.

"सांगितलं."

"मग?"

"तिनं आणून ठेवलीय," तव्यावरची भाकरी दोन हातांनी गोळा करत तो म्हणाला. "दहा किलो."